ह्यांचा चेहरा

माझ्या मुलाला निसर्गाने घडवलं, असं छापून आलं. सकाळी टेबलाशी बसून सुनेने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, बरं झालं बाई, निसर्गाने घडवलं ते. मला आपलं उगाच वाटत होतं की त्यात माझाही थोडाफार हात असेल. सून हसली आणि पुढे वाचायला लागली. लेखात रानवाटा होत्या, ओढा होता, वारूळ होतं, झाडांच्या साली होत्या, गोगलगायींवर तर अख्खा एक परिच्छेद होता. बालपणी रानाने ह्या शिल्पकाराला साद घातली, असंही एक वाक्य होतं. तिथे सुनेचा आवाज जरा भरून आला. तिला अशा गोष्टींनी लगेच गहिवरून येतं.

कसलं रान आणि कसली साद. त्याला रानात मी धाडलं होतं, आणि तेही मला फरशी पुसायची होती म्हणून.

सुट्टीच्या दिवशी मी सगळं घर धुऊन काढायची. फरशी ओली असली की नेमकं बापलेकांना घरभर फिरायचं सुचायचं. एकाला पाणी हवं, एकाला पेन्सिल सापडत नाही. दोघांच्या पावलांचे ठसे स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत. मग मी दोघांना दाराबाहेर काढायची आणि सांगायची की फरशी वाळेपर्यंत इकडे फिरकू नका. आमचे हे अगदी आज्ञाधारक गृहस्थ. मुलाला घेऊन वस्तीच्या पलीकडच्या झाडीत जायचे, ते भुकेची वेळ झाली की उगवायचे. येताना मुलाच्या खिशात काय असेल ते सांगता यायचं नाही. एकदा धुण्याच्या बादलीत मी त्याची चड्डी बुडवली, तर खिशातून एक गोगलगाय निघून बादलीच्या काठावर चढली आणि तिने माझ्याकडे वळून बघितलं. मी केवढ्याने ओरडले होते. तिच्यावर पुढे ह्या पोराने शिल्प केलं, आणि ते आता एका मोठ्या बागेत उभं आहे. लहान मुलं त्याच्या पोटात शिरून बसतात आणि घरी जायचं म्हटलं की बाहेर यायला तयार होत नाहीत.

तर असा माझा मुलगा. दगड कोरतो, लाकूड कोरतो, मातीत करून साच्यातून धातूतही ओततो. करतो काय, तर वारुळं, शेंगा, बिया, घरटी, साली. माणूस म्हणून एक नाही. लोक हात मागे बांधून त्याच्या कामाभोवती फिरतात आणि माना हलवतात. एकदा मी एका दगडाला पडलेल्या भोकाकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं. तो म्हणाला, ती पोकळी आहे. मी म्हटलं, तशी ती आपल्या गच्चीवरच्या टाकीतही आहे, तिथे कोणी बघायला येत नाही. तो दगडावरची भुकटी फुंकायला लागला. बापावर गेलाय, वाद घालून मजा येत नाही.

मी आजवर त्याच्या कामात कधी नाक खुपसलं नव्हतं. खुपसावं लागलं त्याला कारण झालं.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. एके दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना सहज ह्यांची आठवण काढायला गेले, तर चेहरा येईना. मिशी आली. चष्मा आला. निळा शर्ट आला, त्याची कायम एका बाजूने उभी राहिलेली कॉलर आली. पण मिशीच्या वर आणि चष्म्याच्या मागे जिथे माणूस असतो तिथे काहीच नाही. मी डोळे मिटून बघितलं, उघडून बघितलं. हातातली घडी तशीच राहिली. मी घाबरले, खरं सांगते. माणूस एकदा जातो ते सोसलं होतं. तो असा दुसऱ्यांदा, आतल्या आत निघून जाईल हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग फोटो काढून बसले. पण घरात कॅमेरा ह्यांच्याच हातात असायचा. त्यामुळे फोटोंमध्ये मी आहे, मुलगा आहे, शेजारचं कुत्रं आहे, एका फुलकोबीचाही फोटो आहे. हे नाहीत. एकात ह्यांची सावली आली आहे आणि दोन-तीन फोटोंच्या कोपऱ्यात अंगठा. लग्नातला फोटो आहे, पण त्यात एक भेदरलेला बिनमिशीचा पोरगा उभा आहे, त्याच्याशी माझा फारसा संबंध आलेला नाही. राहिलं कचेरीचं ओळखपत्र. त्यावर साहेबाने नेमका तोंडावर शिक्का मारला होता. शिक्क्यातून जे काही दिसत होतं ते बघून पोलिसांनी ह्यांना धरलं कसं नाही याचंच नवल वाटलं.

मी उठले आणि सरळ मुलाच्या कामाच्या जागी गेले. ते पूर्वी टायरचं गोदाम होतं, अजून पावसाळी हवेत रबराचा वास येतो. आत भिंतीला लागून लाकडाचे ओंडके, मातीने भरलेली पिंपं, ओली पोती, आणि सगळ्यावर दगडाची पांढरी भुकटी. हा हातोडी घेऊन दगडाच्या एका भल्या मोठ्या बीमध्ये खाचा पाडत होता. मी म्हटलं, ते बी राहू दे, मला तुझ्या बाबांचा चेहरा करून दे.

त्याचा चेहरा उतरला. आपण माणसं करत नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरने सांगावं की मी फक्त गुडघे बघतो, त्यातली गत झाली ही. शेंगा करतोस ना, मग एका शेंगेला डोळे लाव. त्यावर तो कलेतलं काहीतरी सांगायला लागला. एरवी मी ऐकून घेतलं असतं.

"मला त्यांचा चेहरा आठवत नाही रे," मी म्हणाले.

त्याने हातोडी खाली ठेवली. मग दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं.

माती उभी कशी करतात ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खाली फिरता पाट, त्यावर लोखंडी नळीचा खुंट, खुंटाला तारेचं जाळं, आणि त्यावर ओल्या मातीचे गोळे थापत जायचे. काम थांबलं की ओलं फडकं गुंडाळून वर प्लास्टिक बांधायचं, नाहीतर माती तडकते. मी शेजारी खुर्ची टाकून बसले. नाक लांब कर. एवढं नको. कपाळ रुंद कर. अरे, ते कपाळ आहे की पटांगण. तो बिचारा मुकाट्याने मी सांगेन तसं करत होता. पण त्याचा हात त्याच्या सवयीने चालायचा. गालापासून निघालेली रेघ खाली येऊन हनुवटीशी हळूच टोकदार व्हायची. शेवटी जे तयार झालं ती चष्मा लावलेली शेंग होती. सून दारातून डोकावली आणि छान झालंय म्हणाली. ती माझ्या करपलेल्या भाजीलाही छान म्हणते, त्यामुळे तिचं मनावर घ्यायचं नाही.

मग मला सुचलं की भावोजींना बोलवावं. भावोजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. दोघा भावांचं नाक एक, असं सगळं घर म्हणायचं. भावोजींना निरोप गेला की शिल्पासाठी बसायचंय, आणि ते केसांना कलप लावून, कोट घालून हजर झाले. मी म्हटलं, फक्त नाक पाहिजे. ते म्हणाले, वहिनी, नाक काय एकटं येतं का. ऐटीत बसले. मुलगा लोखंडी चिमट्याने त्यांच्या नाकाचं माप घेत होता आणि भावोजी बोलतच होते. आपण तरुणपणी कसे दिसायचो, कोण कोण वळून बघायचं, अमुक ठिकाणी लोकांनी आपल्याला कसं नट समजून गराडा घातला. मुलाने दोनदा विनंती केली की काका, ओठ हलले की नाक हलतं. तेवढ्यापुरते गप्प बसायचे आणि परत सुरू व्हायचे.

झालं काय, तर नाकाच्या मागोमाग सगळे भावोजीच मातीत उतरले. तो कोटाचा ताठा, ते ओठ, ते स्वतःवर खूश असलेलं तोंड. भावोजींनी उठून समोरून बघितलं, आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. दादा, असं म्हणून त्यांनी मातीला हात जोडले. मग मला विचारलं, अगदी असेच दिसायचे ना दादा. मी म्हटलं, तुमचे दादा उभ्या जन्मात एवढे स्वतःवर खूश कधी दिसले नाहीत. ते रागावले. पण रागावूनही चहा घेतला, आणि जाताना मुलाला बाजूला घेऊन विचारलं की वहिनींना नको असेल तर हे आमच्या दिवाणखान्यात ठेवता येईल का, हनुवटी फक्त जराशी कमी कर. ते गेल्यावर मुलाने ते सगळे भावोजी तारेवरून ओरबाडून परत पिंपात टाकले. पिंपाचं झाकण लावताना तो पहिल्यांदा हसला. मलाही हसू आलं, पण माझं काम जिथल्या तिथेच होतं.

त्यानंतर त्याने नवीन पद्धत काढली. मातीला हात न लावता मला प्रश्न विचारायला लागला. डोळे कसे होते, म्हणे. मी म्हटलं, चांगले होते. चांगले म्हणजे कसे. म्हटलं, दोन होते. आई, नीट सांग. बारीक होते की मोठे, जवळ होते की लांब, हसले की काय व्हायचं. मी त्याच्यावर भडकले. म्हटलं, चाळीस माणसांचा स्वयंपाक असल्यासारखं माझं घर चालायचं, त्यात नवऱ्याच्या डोळ्यांत बघत बसायला मला वेळ होता का. हे बोलायचे तेव्हा मी दुधाकडे बघत असायची. न बघावं तर दूध उतू जाणार, आणि ते पुसणार परत मीच. मग मी प्रश्न त्याच्यावरच उलटवला. म्हटलं, तू तर सबंध सुट्टी त्यांच्यासोबत असायचास, मग तूच सांग ना डोळे कसे होते.

तो पाठ फिरवून बादलीत हात धुवायला लागला. हाताला माती नव्हतीच, तरी कितीतरी वेळ धूत राहिला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्यालाही माहीत नाही. एका घरात आम्ही तिघं राहत होतो, आणि आता उरलेल्या दोघांना मिळून तिसऱ्याचे डोळे सांगता येत नव्हते. मी तरातरा घरी आले. सुनेला म्हटलं, तुझा नवरा काही कामाचा नाही, जगभराच्या शेंगा करतो आणि बापाचं तोंड करता येत नाही. आणि मग ताटावर बसल्या बसल्या रडले. सून माझ्याजवळ बसली. हळूच म्हणाली की त्यांनाही हल्ली जेवण जात नाही.

पुढे त्याने मला कामाच्या जागी यायलाच बंदी केली. झालं की सांगतो, म्हणाला. मी वाट बघितली. विचारलं की मान हलवायचा. मधेच तो लेख लिहिणारा येऊन गेला, फोटो काढून गेला. आणि त्या दिवशी सकाळी तो लेख आला, निसर्गाने घडवलेला. सून वाचायची थांबली तेव्हा मी तिला विचारलं, ह्यात बाबा कुठे आहेत. तिने परत वरपासून खालपर्यंत बघितलं. ओढा होता, वारूळ होतं, गोगलगायी होत्या. बाबा नव्हते.

माझं डोकंच फिरलं. फरशीवरून हाकललेल्या पोराला हात धरून नेणारा माणूस, त्याचा एका ओळीत उल्लेख नाही. मला तो आठवेना, ह्याला तो सांगता येईना, आणि आता छापूनही त्याला वगळलं. असं करत करत तो कुठेच उरणार नव्हता. मी पेपर घेतला, चपला घातल्या आणि निघाले. बंदी असली तर असली, मला कोण अडवणार. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं ठरवून झालं होतं.

गोदामाचं दार अर्धवट उघडं होतं. मुलगा दिसेना. मागच्या नळावर पाणी आणायला गेला असावा, नळाचा आवाज येत होता. उंच खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि त्या उन्हात हे उभे होते.

माझ्याकडे पाठ करून. डावा खांदा थोडा उतरलेला, जन्मभर त्याच खांद्याला पिशवी लावून उतरला होता तो. मानेवर दोन घड्या. कान बाहेर आलेले, त्यातला उजवा जरा जास्तच. टाळूवर तो एक भोवरा, तेल लावा, पाणी लावा, तिथले केस काही बसायचे नाहीत. कॉलर एका बाजूने उभी. आणि मान किंचित तिरकी, झुडपात काहीतरी हललं म्हणून थांबावं तशी.

"अहो," मी म्हणाले.

मी म्हणायचं ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. स्वयंपाकघरातून हाक मारावी तसं अगदी रोजचं. इतक्या वर्षांत हा शब्द तोंडातून निघाला नव्हता, कारण ही हाक ऐकायला कोणी नव्हतंच. आणि खोटं कशाला सांगू, ते वळतील म्हणून मी थांबले. वळले नाहीत. नेहमीसारखं ऐकूच गेलं नसेल असं वाटून मी जरा चिडले, आणि तशीच तणतणत पुढच्या बाजूला गेले.

पुढे काही नव्हतं. कानांच्या पुढे नुसती ओली माती, अंगठ्याने दाबून सारखी केलेली. ना नाक, ना डोळे. मला वाटलं मीच चुकीच्या बाजूला आले, म्हणून फिरता पाट धरला आणि गोल फिरवला. कुरकुरत पुरी फेरी झाली, आणि परत तीच कोरी बाजू माझ्यासमोर आली. तेवढ्यात मुलगा बादली घेऊन आत आला आणि मला बघून दारातच थबकला. पाणी त्याच्या पायावर सांडलं.

मी त्याला सोडला नाही. म्हटलं, इतके दिवस मला दाराबाहेर ठेवून हे केलंस होय. बापाची पाठ कोण करतं. जगात कुठे बघितलास असा पुतळा, ज्याला मागूनच नमस्कार करायचा. चेहरा कुठे आहे, मला चेहरा पाहिजे होता, एवढंच मागितलं होतं मी तुझ्याकडे. बोलता बोलता हातातला पेपर मी त्याच्याकडे फेकला, तो बादलीत पडला.

तो बादली खाली ठेवून उभा राहिला. शाळेतून काहीतरी फोडून आल्यावर उभा राहायचा तसा.

"वाट अरुंद होती, आई," तो म्हणाला. "बाबा पुढे, मी मागे. ते थांबायचे आणि बोट दाखवायचे. मी बोटाच्या दिशेने बघायचो. बाबांकडे मी बघितलंच नाही कधी."

मी भिंतीकडे बघितलं. तिथे फळ्यांवर त्याची छोटी कामं ओळीने ठेवलेली होती. वारूळ, शेंग, फुटलेलं बी, गवतातलं घरटं, शंख. मी ज्यांना इतकी वर्षं नावं ठेवत आले होते आणि लोक ज्यांच्याभोवती हात मागे बांधून फिरत होते, ते सगळं ह्यांनी बोट दाखवलेलं होतं. पोराने एकही सोडलं नव्हतं. मला त्या वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आत्ताच एवढी बोलले होते, लगेच कसं घेणार. मी खुर्ची ओढली आणि त्या कोऱ्या बाजूच्या समोर बसले.

तो माफी मागत होता. पुन्हा प्रयत्न करतो म्हणत होता. काकांना परत बोलवू का, असंही म्हणाला, त्यावरून त्याची अवस्था कळावी. माझं लक्ष नव्हतं. इकडे एक कान होता, तिकडे एक कान होता, मधे ओल्या मातीवर ऊन पडलं होतं. कान ह्यांचेच होते, त्याबद्दल वादच नव्हता. मान ह्यांची होती. मग मधे दुसरं कोण येणार. मी बघत बसले. आता मला दूध उतू जाण्याची भीती नव्हती.

आधी गालावरच्या खळ्या आल्या, मिशीच्या दोन्ही बाजूंच्या. त्या होत्या हेच मी विसरले होते. मग उजवी भुवई. घरात काहीतरी चोरून आणलेलं असलं की ती वर जायची, आणि मी काय आणलं म्हणून विचारलं की आणखी वर जायची. आणि मग डोळे आले.

"बारीक होते," मी म्हणाले. "हसले की पार मिटायचे. मग चष्मा वर सरकायचा, आणि तो खाली करायला बोट न लावता नाकच उडवायचे."

मुलगा धावलाच. पिंपातून मातीचा गोळा काढला, फडक्याला हात पुसले, न पुसल्यासारखे. थांब, थांब, म्हणाला, परत सांग, भुवई कुठली, उजवी का, किती वर, खळी इथे का जरा खाली. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडावर असा उजेड मी बघितला नव्हता. त्याने अंगठ्यावर माती घेतली आणि त्या कोऱ्या बाजूला लावायला हात पुढे केला. मी खुर्चीवरून अर्धी उठून त्याचं मनगट धरलं. माझी बाही कोपरापर्यंत मातीत गेली.

"हात खाली घे," मी म्हणाले. "आत्ता कुठे दिसायला लागलेत. तू मध्ये येऊ नकोस."